रक्त परत येताना

शैला,

काल दुपारी जेवणं आटोपून ओट्यावर जरा अंग टाकलं, तर तू शेडच्या दारात बसलेली. पुढ्यात गोणपाट, त्यावर काळे हिरडे पसरलेले, आणि तू एकेक उचलून उन्हाकडे धरून बघत होतीस. मी म्हटलं, "चहा टाकू का गं?" तू वर न बघता म्हणालीस, "टाक, साखर कमी." मी उठून आत गेले, पातेलं ठेवलं, गॅस पेटवला आणि मग ध्यानात आलं. आता पेटवलाच आहे तर वाया कशाला घालवायचा म्हणून चहा केला आणि तुझ्यावर चिडत चिडत प्याले. साखर कमीच घातली होती. तेही आवडलं नाही.

तुला जाऊन फार दिवस झाले नाहीत. घरात अजून पावण्यांची ये-जा आहे. जो येतो तो तुझं शिक्षण सांगतो, तुझी नोकरी सांगतो, जसं काही मला माहीतच नाही. निमगाव सावाच्या आत्याबाईंनी मात्र मुद्द्याचं विचारलं. "शैला पुन्यात नक्की करायची काय गं?" मी सांगितलं, उंदरांचं रक्त काढायची आणि त्यांनाच परत घालायची. आत्याबाईंनी पदर तोंडाला लावला. म्हणाल्या, "मग कालेजात शिकवायची कवा?" मला हसू आलं आणि सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. नणंद गेल्यावर हसणारी भावजय म्हणजे काय, ते तुला वेगळं सांगायला नको. आता वर्षभर पुरेल त्यांना.

मी लग्न होऊन राजुरीत आले तेव्हा तू कॉलेजात होतीस. सासूबाईंनी बजावलेलं, धाकटी असली तरी तिला वन्सं म्हणायचं. तू त्याच दिवशी मला माडीवर गाठून म्हणालीस, "मला वन्सं म्हणालीस तर मी ओ देणार नाही." मग मी शैला म्हणायला लागले आणि वन्सं भांडणासाठी राखून ठेवलं. किती वेळा वापरलं असेल ते. तुझा दादा म्हणायचा, तुमचं भांडण सुरू झालं ते मला बांधावरनं कळतं, वाऱ्यावर नुसतं वन्सं-वन्सं येतं.

त्यांचं नाव काढलंच आहे तर काढू दे. यांच्याबद्दल बोलल्याशिवाय तुझ्याबद्दल बोलता येत नाही, आणि आपल्या दोघींमध्ये कायम हेच बसलेले असायचे.

नव्वदच्या सुमाराची गोष्ट. टोमॅटोची गाडी नारायणगावला खाली करून हे परत येत होते आणि आळेफाट्याजवळ ट्रकनं उडवलं. मांडीची शीर तुटली होती. तिथल्या लोकांनी पंचा करकचून बांधला, जीप थांबवली आणि कुणीतरी मला मळ्यातून उचलून आणलं. पोरगी लहान, तिला सासऱ्यांपाशी, आबांपाशी टाकलं आणि जीपमध्ये बसले. त्या जीपमधलं मला सगळं आठवतं आणि काहीच आठवत नाही. मंचर गेलं, खेड गेलं, दोन्ही बाजूंची झाडं पाण्यातल्यासारखी हलत होती. यांचं डोकं माझ्या मांडीवर, आणि चेहरा असा पांढरा की मला वाटलं आपण दुसऱ्याच कुणाला घेऊन चाललोय. पुण्यात तू दवाखान्याच्या दारातच उभी होतीस. तुझं रक्त जुळलं, तुझ्या कॉलेजातल्या दोन मास्तरांचं जुळलं. बाटल्या चढल्या, आणि संध्याकाळपर्यंत यांच्या ओठांना रंग आला. दुसऱ्या दिवशी उठून बसले. द्राक्षाच्या बागेला औषध मारलं का म्हणून मला विचारलं. तुला म्हणाले, "शैले, आता तुझं रगात हाय माझ्यात. आता मीबी बारीकसारीक गोष्टीत वाद घालनार." आपण तिघं हसलो. मी तर मनातल्या मनात गावाला परत येऊन पोचलेसुद्धा.

आणि मग लघवी बंद झाली. डोळे पिवळे पडले. डॉक्टर चांगले होते, जे करायचं ते त्यांनी केलं. तरी हे गेले.

मला कळेचना, शैला. रक्त वाहून गेलं तेव्हा माणूस राहिला, आणि रक्त आलं, बसला, बोलला, हसला, आणि मग गेला? हे कुठलं गणित? काठाला लागलेला माणूस कुणी मागं ओढला? मी तुला दवाखान्याच्या जिन्यात धरून विचारलं. तू तेव्हा औषधशास्त्र शिकवत होतीस, तुला माहीत असणार असं मी धरून चालले. तू म्हणालीस, "माहीत नाही, वैनी."

ते तुझं पहिलं माहीत नाही. पुढं मी त्याचा इतका राग राग केला की विचारू नकोस.

तू महिनोन् महिने शनिवारी राजुरीला येत राहिलीस. एस.टी.तून उतरून सरळ मळ्यात यायचीस, मी वेलीखाली बसलेली असायचे, आणि तू शेजारी बसायचीस. भावकीतली माणसं बाग दुसऱ्याला कसायला द्या म्हणत होती, तर तू ओट्यावर सगळ्यांसमोर म्हणालीस, "बाग वैनी बघंल. तिला तुमच्यापेक्षा कळतंय." मला काडीचं कळत नव्हतं. पण तू एकदा बोललीस म्हटल्यावर मला शिकावं लागलं. छाटणी शिकले, औषधं शिकले, व्यापाऱ्याशी आवाज चढवायला शिकले. याबद्दल तुझे आभार कधी मानले नाहीत. आता मानते. उशीर झाला, पण तू तरी कुठं वाट बघत होतीस?

मग एका मार्च महिन्यात, माल तयार व्हायच्या बेतात होता तेव्हा, तू वेलीखाली बसून मला सांगितलंस की दादा का गेला ते तुला थोडं थोडं कळायला लागलंय. रक्त खूप गेलं की शरीर उरलेलं रक्त मेंदूला नि हृदयाला देतं, आणि मूत्रपिंड, यकृत, आतडी यांना उपाशी ठेवतं. ती उपाशी राहतात, गुदमरतात, पण तग धरून असतात. मग बाहेरून रक्त येतं, त्याबरोबर प्राणवायू येतो, एकदम, भरपूर. अर्धमेल्या पेशींना तो पेलत नाही. त्याच्या ठिणग्या उडायला लागतात. ज्यानं वाचायचं त्यानंच त्या आतून जळतात. मी म्हटलं, "म्हंजी ताण पडलेल्या बागंला एकदम पाणी सोडलं की मणी तडकत्यात, तसं?" तू घड हातात धरून उलटसुलट बघितलास. म्हणालीस, "तसंच नाही. पण तसं."

तसंच नाही, पण तसं. हे तुझं बोलणं. तुझ्याकडून धड होय कधी आलं नाही नि धड नाही कधी आलं नाही. जेवायला वाढू का विचारलं तरी तू थोडा विचार करायचीस.

त्या ठिणग्या झेलणारं काहीतरी झाडांत असतं, तुरट चवीत असतं, असं तू सांगितलंस. अँटिऑक्सिडंट हा शब्द मी तुझ्याकडून शिकले आणि पहिले काही महिने आँटी-ऑक्सिडंट म्हणायचे, आत्या असल्यासारखं. तू आधी द्राक्षाच्या बियांवर काम करायचं ठरवलंस, कारण बियांमध्ये ते भरपूर. आलीस पिशवी घेऊन. शैला, तू या घरात जन्मलीस, या बागेत खेळलीस, आणि बिनबियांच्या द्राक्षांच्या मळ्यात बिया मागायला आलीस. आबा जे हसले ते त्यांना ठसका लागला. तो ठसका थांबेना म्हणून मी हिरडा उगाळून मधातून चाटवला. तू ते बघत उभी होतीस. सहाण उचललीस, बोट लावून चाखलंस, तोंड वाकडं केलंस. आणि त्याच उन्हाळ्यात आपण हिरड्याच्या मुलखात गेलो.

ती सहल मला अजून स्वप्नात येते. घोडेगावातून पुढं डिंभ्याच्या कडेकडेनं रस्ता, धरणाचं पाणी खाली उतरलेलं, आणि त्यातून बुडालेल्या जुन्या आंबेगावचे चौथरे वर आलेले. कुणाची तरी उंबऱ्याची चौकट पाण्यात एकटीच उभी. तू जीप थांबवायला लावलीस. आपण दोघी काठावर उभ्या राहिलो आणि तू म्हणालीस, "दादा इथं पोहायला यायचा गं, मामाच्या गावाला आला की." मला हे माहीतच नव्हतं. बायकोला माहीत नसलेला नवरा तुझ्याकडे बराच होता, त्याचा मला हेवा वाटायचा. पुढं घाटमाथ्यावर कोकणातून ढग वर चढत होते, मे महिन्यात. झाडं दिसायची, पुसली जायची, परत दिसायची. झाडांखाली बायका कोवळे हिरडे वेचत होत्या, ज्यांना बाळहिरडा म्हणतात ते, अजून आत आठळी न धरलेले. माणसं दिसत नव्हती, नुसते आवाज. आणि त्या पांढऱ्यात तू दादाशी बोलत असल्यासारखी काहीतरी पुटपुटत चालली होतीस. मी विचारलं नाही काय ते.

ठकूबाई तिथंच भेटली. तिनं पाटीभर हिरडा ओतला आणि विचारलं, कशाला पायजे. तू अगदी मनापासून सांगितलंस, प्रयोगशाळेतल्या उंदरांना द्यायला. ठकूबाईनं आधी तुझ्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, की हिचं डोकं ठिकाणावर आहे ना. "आवो बाई, येवढा हिरडा उंदरान्ला? जुलाब व्हतील की त्यान्ला." झालेच. पहिले काही आठवडे तू फोनवर दुसरं काही सांगतच नव्हतीस. मात्रा कमी केलीस तेव्हा कुठं ते थांबलं. तेवढे आठवडे तुझ्या कोटाला जो वास यायचा, त्याबद्दल मी कधी बोलले नाही, पण तुझ्यासाठी वेगळी बादली ठेवायचे.

एकदा पुण्याला आले होते बागेच्या औषधांसाठी, तेव्हा मी हट्टानं तुझ्याबरोबर प्रयोगशाळेत आले. तू नको म्हणत होतीस. मी म्हटलं, "वन्सं, माझ्या नवऱ्याच्या नावानं करताय ते मला बघू द्या." मग तुला नाही म्हणता आलं नाही. पांढरा उंदीर, झोपवलेला, कुशीवर. एक बारीक नळी. त्यातून रक्त येत होतं, आणि त्याचं नाक आणि पावलं गुलाबीची पांढरी होत गेली. मला जीप आठवली. मी भिंतीला टेकले. तुझे हात मात्र स्थिर. मग बराच वेळ आपण नुसत्या बसून होतो, खिडकीतून गुलमोहर दिसत होता, आणि त्या वेळात तो इवलासा जीव आतून उपाशी राहत होता. मग तू काढलेलं रक्त परत सोडायला लागलीस. पावलं परत गुलाबी व्हायला लागली. मी म्हटलं, "शैला, हळू." माझ्याही नकळत म्हटलं. तुझा हात थांबला. तू माझ्याकडं न बघता म्हणालीस, "वैनी, हळूच सोडतेय." आणि तुझ्या गालावरून पाणी ओघळलं ते तू खांद्याला पुसलंस, कारण हात मोकळे नव्हते. त्या दिवशी बाहेर येऊन आपण उसाचा रस प्यालो. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की तू दर आठवड्याला तिथं तुझ्या भावाला पुन्हा पुन्हा परत आणायला बघतेस. उंदरांची मला कीव आली. तुझी जास्त आली.

आणि तो आनंदाचा उन्हाळा. हिरडा दिलेले उंदीर जगले, त्यांची मूत्रपिंडं जवळजवळ ठणठणीत. तू फोनवर ओरडली नाहीस, तो तुझा स्वभाव नाही, पण इतकं भरभर बोलत होतीस की मला निम्मं कळलं नाही. तुझे सर खूश, मोठ्या सभेत वाचायला तुला बोलावलं. मी पेढे वाटले. आबा तर गावभर सांगत फिरले की हिरड्यानं मेलेला मानूस उठतो. मी त्या दिवशी तुला विचारलं, जे विचारायला मी इतकी वर्षं टपून होते. "म्हंजी हे वाचले असते?" तू म्हणालीस, "एवढ्यावरून सांगता येत नाही." मी फोन ठेवला. रागानं कणीक अशी मळली की पोळ्या चामड्यासारख्या झाल्या.

पुढच्या साली नवा हिरडा नेलास आणि निम्मासुद्धा गुण येईना. तू वाळलीस काळजीनं. झाड तेच, डोंगर तोच, ठकूबाई तीच. शेवटी तू राजुरीला आलीस आणि पहिल्या वर्षीचा हिरडा ठेवला होता ती जागा बघत बसलीस. आमची शेड. द्राक्षाच्या रिकाम्या पेट्या. आणि एका पेटीच्या तळाशी तुला तो कागद सापडला.

परदेशी पाठवायच्या द्राक्षांच्या पेटीत आपण गंधकाचा कागद घालतो. ओल लागली की त्यातून वायू सुटतो आणि मालाला बुरशी धरत नाही. आबांनी तुझा हिरडा पावसाळ्यात शेडमध्ये बघितला आणि त्यांना राहवेना. लेकीचा माल, लेकाच्या नावानं चाललेलं काम. त्यांनी उत्तम पेट्या काढल्या, हिरडा त्यात भरला, वर एकेक कागद घातला आणि झाकण लावून टाकलं. द्राक्षाला जे करतात ते त्यांनी हिरड्याला केलं, आणि कुणाला सांगितलंही नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काय आहे? गंधक हिरड्यात मुरला. तोही ठिणग्या झेलतो म्हणे, आपल्या परीनं. तुझ्या मोजणीत हिरडा किती नि गंधक किती, हे आता ब्रह्मदेवालाही सांगता येणार नव्हतं.

इथं आपलं मोठं भांडण झालं. मी म्हटलं, गप बस. कुणाला कळणार आहे? उंदीर जगले ना? तू म्हणालीस, जे वाचलं ते कशानं वाचलं हे मला माहीत नाही, आणि तसं सांगावं लागेल. पुण्यात जाऊन सरांना सांगितलंस, सभेत वाचलेलं मागं घेतलंस. तेही मी गिळलं असतं. पण तू आबांनाही सांगितलंस. मी तुझे पाय धरायचे बाकी ठेवले होते. म्हाताऱ्याला नको सांगू, शैला, लेकाच्या कामात आपण खोट घातली असं त्याला वाटेल. तू ऐकलं नाहीस. ओट्यावर त्यांच्या शेजारी बसलीस, त्यांचा हात हातात घेतलास आणि सगळं सांगितलंस. खोटं बोलून त्यांना खूश ठेवणं म्हणजे त्यांना लहान मूल समजणं, असं तू मला नंतर म्हणालीस. आबांनी शेडकडं बघितलं. मग म्हणाले, "मंग गंधकच द्या की मानसाला." तू हसलीस, आबा हसले, आणि मी आत जाऊन भांडी आपटली. ते पुढं कधी त्यावर बोलले नाहीत. वारले तेव्हा तुझाच हात धरून होते, हेही खरं.

तू सगळं पहिल्यापासून सुरू केलंस. कितीतरी वर्षं. केस पांढरे झाले तुझे. नव्या हिरड्यानं गुण येतो, पण कमी, आणि मुख्य म्हणजे रक्त जाण्याआधी किंवा परत येण्याआधी दिला तर. उशिरा दिला तर फारसा नाही. हे तू मला सांगितलंस तेव्हा मी भाजी चिरत होते. मी विळी बाजूला सारली. "आगं, अपघात व्हायच्या आदी कोन हिरडा खाऊन घरातनं निघतंय?" तू म्हणालीस, तेच तर. म्हणून पुढचं काम, की शिरेतून देता येईल असं करायचं, रक्ताच्या बाटलीबरोबर. मी विचारलं, तसं असतं तर हे वाचले असते? "माहीत नाही." अर्धं तरी सांग. "उंदीर आणि माणूस यांत फार अंतर आहे, वैनी." मी म्हटलं, वन्सं, तुम्ही माझ्या तोंडावर एक होय टाकलं असतं तर तुमचं काय जाणार होतं? तू उठून माझी उरलेली भाजी चिरलीस, जाड जाड, तुला कधी बारीक चिरताच आली नाही.

आता सांगते, मला ते होय कशासाठी हवं होतं. ते हवं होतं कारण मग मला रागवायला कुणीतरी मिळालं असतं. काळ, औषध, रस्ता, कुणीही. किंवा एक स्वच्छ नाही तरी हवं होतं, म्हणजे नशीब म्हणून सोडून दिलं असतं. तू दोन्ही दिलं नाहीस, म्हणून मग मी तुझ्यावरच रागवत राहिले. आणि तू माझा राग घेत राहिलीस, दर शनिवारी एस.टी.तून उतरून, पिशवीत माझ्यासाठी बाकरवडी घेऊन. दुसऱ्या कुणी घेतला असता?

पोटाचा आजार निघाला तेव्हा तू शेवटी शेवटी राजुरीला आलीस. पुण्याचे डॉक्टर म्हणाले, अजून काही महिने काढतील, घरी आनंदात ठेवा. मी तुझी खाट खिडकीपाशी टाकली, बाग दिसेल अशी. ते दिवस कसे गेले मला सांगता येत नाहीत. दुपारी तुला ग्लानी असायची आणि मला शेजारी बसून डुलकी लागायची, आणि आपल्या दोघींच्या झोपा एकमेकींत मिसळायच्या. तू झोपेत विचारायचीस, "दादा आला का?" आणि मी अर्धवट जागी, म्हणायचे, "गाडी खाली करतायत, येतील." उन्हं वेलींवरून सरकत जायची. कधी वाटायचं तू माझी नणंद नाहीस, पोर आहेस. कधी वाटायचं मीच आजारी आहे आणि तू बसलीयेस. मी तो प्रश्न विचारायचा कधीच सोडला होता. इतका आजारी जीव, त्याला काय विचारायचं?

आणि अशाच एका दुपारी तू डोळे उघडलेस. स्वच्छ. माझा हात चाचपडून धरलास.

"वैनी, ऐक. दादा वाचला आसता."

मला वाटलं, मीच झोपेत ऐकतेय.

"हिरडा येळंवर दिला आसता तर वाचला आसता. नक्की."

पुण्याची भाषा कुठल्या कुठं गेली होती तुझी, लहानपणी बोलायचीस तसं बोललीस. आणि नक्की म्हणालीस. इतक्या वर्षांत तो शब्द तुझ्या तोंडून मी ऐकला नव्हता. एस.टी. किती वाजता येते हेही तू नक्की सांगायची नाहीस.

जे वाक्य मी तुझ्याकडं जन्मभर मागितलं ते माझ्या हातात होतं. ते मिळालं की मी मोकळी होईन असं मला वाटायचं. झालं भलतंच.  डॉक्टर काही महिने म्हणाले होते, पण मला त्या क्षणी कळलं की महिने नाहीत, तू निघालीस. निघालेलं माणूस मागच्यांना काहीतरी देऊन जायला बघतं. तू मला हे देऊन चालली होतीस. स्वतःच्या बापाला दिलं नाहीस ते मला देत होतीस.

मी म्हटलं, "कशावरनं?"

तू माझ्याकडं बघत राहिलीस. "रागावलीस?"

"न्हाई रागावले. कशावरनं म्हनतीस ते सांग."

 बाहेर कुणीतरी पंप बंद केला, तेवढं ऐकू आलं. मग तुझ्या ओठांवर हसू आलं, अगदी थोडं. म्हणालीस, "माहीत न्हाई, वैनी."

"न्हाई ना? मग नीज आता."

आणि तू निजलीस. त्यानंतर तू फारसं बोललीच नाहीस.

लोकांना कळलं तर म्हणतील, मरणाऱ्या बाईनं प्रेमानं दिलेलं एक वाक्य हिला घेता आलं नाही. घेता आलं असतं गं. मला ते मरेपर्यंत पुरलं असतं. पण ते घेतलं असतं तर तू सभेत मागं घेतलेलं, आबांचा हात धरून सांगितलेलं, त्या सगळ्या पांढऱ्या उंदरांचं केलेलं, सगळं तू माझ्यापायी मोडून गेली असतीस. तुझ्या दादाला मी तुझ्या खोट्यावर वाचवून घेणार नव्हते. तू मला आयुष्यभर खरं दिलंस, मी शेवटी तुला तुझं खरं परत दिलं. तुला ते कळलं, असं मला वाटतं. नक्की माहीत नाही.

आज सकाळी लेक आली. जीपमध्ये बसताना आबांपाशी टाकून गेले होते तीच, आता तिच्या कडेवर तिचं पोर असतं. पोराला पाळण्यात टाकून ती माझ्यापाशी बसली आणि म्हणाली, "आई, आत्याचं औषध तेव्हा असतं तर आप्पा वाचले असते का गं?" तिनं हे कधी विचारलं नव्हतं. माझ्या भीतीनं विचारलं नसेल.

मी म्हटलं, "माहीत नाही, बाळा."

ती रडायला लागली. मीही रडले. शैला, हे गेल्यापासून मी उत्तर मागत बसले होते, तुझ्याशी भांडत बसले होते, आणि आम्ही मायलेकी यांच्यासाठी मिळून कधी रडलोच नव्हतो.